पुडीवरची आई

कृष्णात बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पंपांची चित्रं काढायचा. प्रत्येक पंपासोबत जी पुस्तिका जाई, तिच्यातली चित्रं त्याच्या हातची असत. पंप उघडून त्याचा एकेक भाग सुटा करायचा आणि नट, वायसर, पाती, सगळं एका सरळ रेषेत हवेत तरंगत असल्यासारखं मांडायचं. निपाणीहून बेंगळूरला येऊन त्याला चौदा वर्षं झाली होती आणि चौदाही वर्षं तो हेच करत आला होता. टाक, दोन-तीन जाडीच्या निबा आणि काळ्या शाईची बाटली एवढाच त्याचा संसार. रेष चुकली तर ब्लेडनं शाई अलगद खरवडायची आणि तिथला कागद नखाच्या पाठीनं घासून पुन्हा गुळगुळीत करायचा. कारखान्यात त्याला सगळे 'आर्टिस्ट' म्हणून हाक मारत. त्यात थोडी थट्टा असते हे त्याला कळायचं. पण ती हाक बंद व्हावी असं मात्र त्याला कधी वाटलं नाही.

घरी, रविवारी, तो माणसं काढायचा. बायको कस्तुरी, शेजारची इस्त्रीवाली, बसथांब्यावर पेंगणारे लोक. ती चित्रं ट्रंकेत पडून असत.

पंच्याण्णव सालच्या मार्चमध्ये त्याची आई भागुबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी निपाणीहून आली. नवरा गेल्यावर तिनं तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं काढली होती आणि तीन पोरं वाढवली होती, कृष्णात त्यांतला थोरला. दिवसा पाठ टेकलेलं तिला कुणी पाहिलं नव्हतं. पण डॉक्टरांनी वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही असं बजावलं, आणि तिला करायला काही उरलंच नाही. दुपारी ती दाराशेजारी भिंतीला टेकून बसायची आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागायचा. डोक्यावरचा पदर घसरायचा. तोंड थोडं उघडं राहायचं. तंबाखूनं कायमची पिवळी पडलेली बोटं मांडीवर अशी पडलेली असत, की जणू कुणीतरी ती तिथं ठेवून विसरून गेलंय.

पहिल्या रविवारी कृष्णातनं पेन्सिलीनं घाईघाईत तिचा आकार धरला आणि पुढचे तीन रविवार तो शाई भरत राहिला. चेहऱ्याला सगळ्यांत बारीक निब. सावलीसाठी आडव्या रेषांवर उभ्या, उभ्यांवर तिरप्या, अशा रेषांच्या जाळ्या. चोळीची डावी बाही दंडाला जिथं घट्ट बसत होती तिथल्या सुरकुत्यांवर त्याचा एक अख्खा दिवस गेला.

"काय काढालास रं?" डोळ्यावरच्या पट्टीखालून भागुबाईनं एकदा विचारलं.

"पंप," तो म्हणाला.

त्याच वर्षी कारखान्यात चित्रांसाठी कॉम्प्युटर आणायचं ठरलं. ते बघायला अजित नावाचा एक मूळचा पुण्याचा इंजिनिअर आला. कृष्णातनं आईचं ते चित्र उगाच मित्रांना दाखवायला म्हणून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. अजितनं ते पाहिलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. "माझ्या बायकोला दाखवायला नेऊ का?" त्यानं विचारलं. त्याच्या बायकोचं, श्यामलाचं, बेंगळूरलाच इंदिरानगरला घराच्या पुढच्या खोलीत चित्रांचं छोटंसं दालन होतं. पुढच्या आठवड्यात तिनं कृष्णातला बोलावून घेतलं.

"अहो, हे फारच सुंदर आहे," ती म्हणाली. "पण एकच चित्र विकून काय होणार? स्क्रीन प्रिंट काढा. लिमिटेड एडिशन. पंचवीस प्रती, प्रत्येकीवर नंबर आणि तुमची सही. आणि नंतर स्क्रीन धुऊन टाकायची, म्हणजे सव्विसावी निघता कामा नये. ओरिजिनल मी ठेवते."

स्क्रीन प्रिंट म्हटल्यावर कृष्णातला दुसरं नाव सुचायचं कारणच नव्हतं. सूर्यकांत त्याच्याच गल्लीतला, निपाणीच्या शाळेत त्याच्याच बाकावरचा. तो बेंगळूरला एक वर्ष आधी आला होता. शिवाजीनगरला बसस्टँडच्या मागच्या बोळात त्याचा छापखाना होता. लग्नपत्रिका, स्टिकरं, यंत्रांवर लावायच्या नावाच्या पट्ट्या. कृष्णात नवीन आला तेव्हा सात महिने त्या छापखान्याच्या माळ्यावर झोपला होता.

सूर्यकांतनं चित्र हातात घेतलं आणि पहिल्यांदा आई बघितली नाही, रेषा बघितल्या.

"हे माझ्या जाळीतनं जायचं न्हाई," तो म्हणाला. "लई बारीक काम केलंयस. जाळी बुजंल."

पण हा गडी तसा सोडणारा नव्हता. त्यानं कुठूनशी दाट विणीची जाळी मिळवली आणि लाकडी चौकटीवर ढोलासारखी ताणून बसवली. चित्राचा फोटो काढून त्याची फिल्म करून आणली. अंधाऱ्या खोलीत जाळीवर छपाईच्या रासायनिक मसाल्याचा पातळ हात दिला, तो वाळवला. मग एका रविवारी सकाळी दोघं मिळून ती चौकट गच्चीवर घेऊन गेले. जाळीवर फिल्म, फिल्मवर काच, आणि वरून काळं फडकं. सूर्यकांतनं फडकं ओढलं आणि उन्हात उभा राहून मोठ्यानं मोजायला लागला, "ओंदु, एरडु, मूरु..." हा धंदा त्याला एका कानडी उस्तादानं शिकवला होता, म्हणून मोजणी कानडीतच. ऊन लागलं की मसाला पक्का होतो. फिल्मवरच्या काळ्या रेषांखाली ऊन पोचत नाही, तिथला मसाला कच्चाच राहतो आणि पाण्याच्या फवाऱ्यानं निघून जातो. तेवढ्याच वाटेनं शाई खाली कागदावर उतरते.

पहिल्या खेपेला बाहीच्या सुरकुत्या बुजल्या. दुसऱ्या खेपेला भागुबाईचा अर्धा गाल गेला. तिसऱ्या खेपेला ढग आले. पाच आठवडे, पाच रविवार हेच चाललं होतं. सहाव्या खेपेला सूर्यकांतनं शाई पातळ केली, रबरी पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि एका दमात जाळीवरून ओढली. चौकट उचलली. कागदावर भागुबाई बसलेली होती. एकही रेष गेली नव्हती.

मग सूर्यकांत म्हणाला, "काकूच हाय की." त्याला आत्ता कुठं ती दिसली होती.

पंचवीस प्रती झाल्यावर त्यानं कृष्णातसमोरच जाळी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं घासून साफ केली आणि उन्हाकडे धरून दाखवली. कृष्णात टेबलाशी बसून पेन्सिलीनं एकेका प्रतीखाली नंबर घालत होता. डाव्या कोपऱ्यात 'भागुबाई, दुपार'. उजव्या कोपऱ्यात सही.

"माझं नाव कुठं घालायचं?" हात पुसत सूर्यकांतनं विचारलं.

"सही चित्रकाराचीच असते म्हणाल्या त्या."

"असं व्हय," सूर्यकांत म्हणाला आणि शाईचा डबा बंद करायला वळला.

श्यामलाच्या दालनातल्या प्रदर्शनाला सूर्यकांत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. त्याची बायकोही गजरा माळून आली होती. इंदिरानगरच्या त्या खोलीत मंडळी पेले हातात धरून हळू आवाजात इंग्रजी बोलत होती. कृष्णातभोवती चार-पाच जण उभे होते आणि एक वार्ताहर त्याचा फोटो घेत होता. तेवढ्यात श्यामला सूर्यकांतजवळ गेली आणि हिंदीत म्हणाली, "भैया, वो तीसरा फ्रेम जरा सीधा कर दीजिए." फ्रेमवाल्याचा माणूस समजली असावी. सूर्यकांतनं बायकोकडे पाहिलं. मग पुढं होऊन त्यानं फ्रेम सरळ केली. कृष्णातनं मान वळवून ते पाहिलं. "हा माझा मित्र, हे सगळं यानंच छापलंय," एवढं वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण वार्ताहर काहीतरी विचारत होता आणि त्याला उत्तर द्यायचं होतं. नंतर त्यानं शोधलं तेव्हा सूर्यकांत आणि त्याची बायको निघून गेले होते.

पुढच्या रविवारी कृष्णात शिवाजीनगरला गेला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. वर्तमानपत्रात त्याचं नाव आलं होतं, चित्राबद्दल चार चांगल्या ओळी आल्या होत्या, आणि छपाईबद्दल काहीच नव्हतं. ते कात्रण घेऊन जायचं कसं, हे त्याला सुचत नव्हतं. मग जायचं राहूनच गेलं.

नऊ महिन्यांनी, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, त्याच्या शेजारी बसणाऱ्या भीमसेननं चटणीची पुडी फोडली. "अक्का चटणी," तो म्हणाला. "घे स्वल्प. बरी आहे." पुडीवर लाल-काळं चित्र होतं. कृष्णातची नजर त्यावर गेली आणि आधी त्यानं चोळीच्या डाव्या बाहीवरच्या सुरकुत्या ओळखल्या. आपला हात ओळखला. आई त्यानंतर ओळखली. त्या उलट्या क्रमाची लाज त्याला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिली.

पुडीवरची भागुबाई जागी होती. मिटलेल्या पापण्यांच्या जागी दोन टक्क उघडे डोळे होते, त्यातला एक किंचित तिरपा. तोंड मिटलेलं होतं. डोक्यावरून पदर आला होता. आणि कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू. तिचा नवरा जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

त्यानं भीमसेनकडून पुडी मागून घेतली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस बदलत शिवाजीनगर गाठलं.

सूर्यकांत एकटाच होता, लग्नपत्रिका छापत होता. कृष्णातनं पुडी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. सूर्यकांतनं तिच्याकडे पाहिलं, हातातली पत्रिका वाळवणाच्या दोरीला लावली आणि म्हणाला, "बस."

"हे तू केलंस?"

"व्हय. आप्पाजी म्हणून एक चटणीवाले हायत, हुक्केरीकडचे. पुड्या छापून घ्यायला आले होते. भितीवर एक खराब झालेली प्रत लावलेली होती. म्हणाले, अशीच म्हातारी पाहिजे."

"जाळी तर तू धुतलीस. माझ्यासमोर."

"जाळी धुवायला सांगितली होतीस. फिल्मचं कोण बोललं होतं?"

"सूर्या, ते माझं चित्र आहे."

"हाय की. मी कुठं माझं म्हणालो? पुडीवर माझं नाव हाय काय?" तो खुर्ची ओढून बसला. पुडी जवळ घेऊन त्यानं निरखून पाहिलं आणि त्याच्या आवाजात कारागिराची एक वेगळीच काळजी आली. "फिल्म खरवडून डोळे केले मी. डावा बरोबर आलाय. उजवा तिरका झाला. झोपलेली बाई चटणीवर चालायची न्हाई म्हणाले आप्पाजी. गिऱ्हाइकाकडं बघाय पाहिजे."

"आणि कुंकू? ती विधवा आहे."

"चटणीच्या पुडीवरली बाई विधवा असती काय कुठं?"

कृष्णातला हात उचलावासा वाटला. पण त्यानं आयुष्यात कधी कुणावर हात उचलला नव्हता आणि तो कसा उचलतात हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "मला एकदा विचारायचं होतंस."

"तू काकूला विचारलंस?" सूर्यकांत शांतपणे म्हणाला. "तिला ठाऊक हाय काय, ती त्या बंगल्यात भितीवर टांगली होती ते?"

बाहेर बसचे कंडक्टर एकामागून एक गावांची नावं ओरडत होते. ते थोडं कमी झाल्यावर सूर्यकांत पुन्हा बोलला. "त्या बाईनं मला फ्रेम सरळ कराय सांगितली. तू तिथंच होतास."

"मला ऐकू आलं नाही."

"आलं. मान वळवून बघितलंस तू. माझ्या बायकोनं पण बघितलं तुला बघताना." तो उठला, खणातून फिल्म काढली आणि कृष्णातच्या पुढ्यात टाकली. "घे. आप्पाजींनी त्यांची वेगळी करून घेतलीय. माझ्या काय कामाची न्हाई ही."

ती आता कुणाच्याच कामाची नव्हती. पापण्या खरवडलेल्या होत्या आणि त्या परत येणार नव्हत्या. तरी कृष्णातनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेली.

कस्तुरीला त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सासूबाई दुसऱ्या डोळ्यासाठी येणारेत दिवाळीनंतर. तोवर ही पुडी घरात नको." तिनं पुडी टाकून दिली. पण दुकानातल्या पुड्या कोण टाकणार होतं? भागुबाई आली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, ऑपरेशन झालेल्या चांगल्या डोळ्याच्या भरवशावर, कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी आणायला गेली. परत आली ती तोंडावर हात धरून हसत. कृष्णातनं तिला असं हसताना लहानपणी कधीतरी पाहिलं असेल.

"तो दुकानदार मला काय म्हणाला ठाऊक हाय? अज्जी, इदु नीवेना, म्हणाला. हे तुम्हीच काय म्हणून. मी म्हटलं कुठं, तर ही." तिनं पदरात बांधलेल्या दोन पुड्या सोडल्या. "बघ की. मीच हाय. त्यानं पैसं पण घेतलं न्हाईत."

कृष्णातनं आईला समोर बसवलं. हे चोरलेलं आहे, चित्र माझं आहे, सूर्यकांतनं ते बिघडवलं, सगळं त्यानं सावकाश सांगितलं. ती ऐकत होती, पण बोटं पुडीवरून फिरत होती. शेवटी तो उठला, ट्रंक उघडली आणि स्वतःसाठी ठेवलेली पंचविसावी प्रत काढून तिच्या हातात दिली. तिला फरक दिसावा, एवढंच त्याला हवं होतं.

भागुबाईनं प्रत दाराच्या उजेडात धरली.

"कवा काढलंस हे?"

"तुझ्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा."

"मला तर म्हणालास पंप काढालोय."

तिनं प्रत डोळ्याच्या आणखी जवळ धरली.

"तोंड वासलंय," ती म्हणाली. "डोईवर पदर न्हाई." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "तुझ्या बापाला असंच बसवलं होतं भितीला टेकवून. मातीला न्यायच्या आधी. तू लहान होतास."

"आई, तू झोपली होतीस. दमलेली होतीस. तेच काढायचं होतं मला."

"दमल्याली मला ठाऊक हाय की. ते काय बघायचं?" तिनं प्रत खाली ठेवली, उलटी. "किती जणांनी बघितलं हे?"

"पंचवीस प्रती आहेत."

"पंचवीस घरात मी अशी बसलोय?"

"चोवीस," कृष्णात म्हणाला. "एक ही." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं.

भागुबाई उठली आणि पाणी प्यायला आत गेली. आतून म्हणाली, "सूर्यानं निदान डोळं तरी उघडलं माझं."

दोन दिवस ती त्याच्याशी तुटक बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी रविवार होता. अंघोळ करून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती आपणहून दाराशी येऊन बसली. भिंतीपासून हातभर अंतर ठेवून, ताठ. "काढ आता," ती म्हणाली. "मोठं काढ. घरला लावायला. पुडी लईच बारकी हाय."

कृष्णातनं कागद ताणून बसवला, टाक शाईत बुडवला. चार तास ती पापणी न हलवता बसली. फोटोवाल्यासमोर बसावं तशी, ओठ आवळून. तिच्या चेहऱ्यावर त्याला काढावंसं वाटेल असं काहीच नव्हतं. पण हाताला सवय होती आणि हात काढत गेला. उघडे डोळे, काठाचा पदर, मांडीवर नीट जुळवलेले हात. पिवळी बोटं तिनं पदराखाली घेतली होती, तीही त्यानं तशीच झाकलेली काढली.

चित्र बघून तिनं मान डोलावली. मग कपाळावर बोट ठेवलं. "कुंकू न्हाई?"

"आई..."

"मला ठाऊक हाय मी कोण ते. पुडीवरच्या बाईला हाय. उद्या गावात सगळी ही पुडी बघतील. मग हितं कुंकू न्हाई म्हटल्यावर इचारतील."

त्यानं निब बदलली आणि कपाळावर गोल भरला. शाई वाळायची वाट बघत दोघं बसले.

"काळं दिसतंय," भागुबाई म्हणाली.

"माझ्याकडे काळीच शाई आहे."

"सूर्याकडं लाल असंल की."

कस्तुरी आतून बघत होती. मग ती स्वयंपाकाकडे वळली.

सोमवारी दुपारी, रजा टाकून, त्यानं काळा गोल ब्लेडनं खरवडला, नखानं जागा घासली आणि चित्र गुंडाळून शिवाजीनगरला नेलं. सूर्यकांतनं ते टेबलावर उलगडलं. कृष्णातनं फक्त कपाळाच्या जागेवर बोट ठेवलं. सूर्यकांतनं एका छोट्या चौकटीच्या जाळीवर कागद चिकटवला, त्यात गोल कापला, चित्र खाली सरकवून दोनदा डोळ्यानं अंतर धरलं आणि लाल शाईची पट्टी एकदाच ओढली. कुंकू अगदी मध्यावर उतरलं, कडेला एक कणही फुटला नाही. शाई वाळेपर्यंत दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. एक मोटरवाला स्टिकरं न्यायला आला, त्याच्याशी सूर्यकांत कानडीत दोन मिनिटं बोलला. मग त्यानं चित्र गुंडाळलं, दोऱ्यानं बांधलं आणि कृष्णातच्या हातात दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात कृष्णात निपाणीला गेला. चित्र माजघरात, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असं काचेत बसवून लावलेलं होतं. संध्याकाळी वखारीतल्या दोन जुन्या मैत्रिणी भागुबाईला भेटायला आल्या. कृष्णात आतल्या खोलीत चहा पीत होता. बायका चित्रासमोर उभ्या राहिल्या असाव्यात, कारण एक म्हणाली, "कुंकू किती गं शोभतंय. कुणी काढून दिलं?"

"सूर्यकांतनं," भागुबाई म्हणाली. "आपल्या गल्लीतला. बेंगळूरला लई मोठा छापखाना हाय त्याचा."

"आणि तुझा थोरला काय करतो?"

"असतो तिकडंच," ती म्हणाली. "कंपनीत."

कृष्णातनं कपातला उरलेला चहा पिऊन टाकला. चहा गार झाला होता आणि तळाशी साखर साचली होती. बाहेर बायका आता कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलायला लागल्या होत्या.